चरबी काढणारा हात कोणाचा?



या सदरात आजवर विंचूदंश, पंडुरोग, बाळाला पाजणे असल्या विषयांवर आपण बोललो. आजचा विषय पाहून काही वडीलधारी मंडळी नाक मुरडतील. पण भिवंडी तालुक्यातून दोन पत्रे आली आहेत. दोन्हींतला प्रश्न जिवाशी गाठ घालणारा आहे, म्हणून तो बाजूला सारता येत नाही.

पहिले पत्र पडघ्याच्या बाजूच्या एका भगिनीचे. दोन बाळंतपणे झाली, पोट सुटले ते आत गेलेच नाही. वैशाखात धाकट्या दिराचे लग्न आहे. हळदीला नेसायची साडी आणून ठेवली आहे, पण आरशासमोर उभे राहवत नाही. त्यातच वर्तमानपत्राच्या घडीतून एक रंगीत पत्रक घरात आले : ‘एका दिवसात पोट सपाट. टाका नाही, दुखणे नाही. हप्त्याची सोय.’ करावे का, आणि करायचे तर कोणाकडे, असे ताईंनी विचारले आहे. दुसरे पत्र एका बापाचे. मुलगा १९ वर्षांचा. त्याची छाती मुलीसारखी भरली आहे, म्हणून तो अंगातला शर्ट काढत नाही, तळ्यावर पोहायला जात नाही, कॉलेजात चिडवतात म्हणून आता घरीच बसतो. बापाला कोणीतरी सांगितले की नळीने चरबी ओढून घेतात, अर्ध्या दिवसाचे काम आहे.

भिवंडी म्हटले की यंत्रमागाची खडखड आठवते. पण तालुक्यातली गावे आता गोदामांनी वेढली आहेत. कोणाची भाताची खाचरे गोदामाखाली गेली, कोणाची आमण्यापर्यंत आलेल्या समृद्धी महामार्गात गेली. हाती रोकड आली, आणि रोकड आली की पत्रकवालेही दाराशी येतात. ज्या बाईने उभ्या जन्मात भाऱ्याखाली मान वाकवली, तिला चार पैसे स्वतःच्या देहासाठी खर्चावेसे वाटले तर मी तिला हौशी म्हणून हिणवणार नाही. घरातल्या पुरुषांनी मोटारसायकली घेतल्या तेव्हा कोणी हिशेब विचारला नव्हता. माझे म्हणणे एवढेच की दर विचारण्याआधी हात कोणाचा ते विचारा.

आधी ही शस्त्रक्रिया काय असते ते समजून घेऊ. तिला लायपोसक्शन म्हणतात. आवणीच्या आधी आपण खाचरात पाणी भरून चिखल करतो, तसे आधी चरबीच्या थरात पाणी भरतात. हे पाणी साधे नसते. त्यात मीठ असते, बधिर करणारे औषध असते आणि रक्तवाहिन्या आकसून धरणारे औषध असते, म्हणजे रक्तस्राव कमी होतो. मग त्वचेला बारीक छेद देऊन एक बोथट नळी आत घालतात, ती पुढे-मागे करून चरबी सैल करतात आणि यंत्राने ओढून घेतात. छेद बोटाच्या पेरापेक्षा लहान असतो. म्हणून लोकांना वाटते की हे इंजेक्शनसारखे काहीतरी आहे. ते तसे नाही. बाहेरची भोके लहान दिसली तरी आत हातभर रुंदीची जखम होते. नळीचे टोक कुठे चालले आहे हे डोळ्यांना दिसत नाही, ते हाताला कळावे लागते. वर कातडी, खाली स्नायू, आणि स्नायूखाली आतडी. मधल्या थरातच नळी राखणे हीच या कामातली सगळी विद्या आहे.

ही विद्या स्वस्तात आलेली नाही. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये दुजारिए नावाच्या शस्त्रवैद्याने एका तरुणीच्या पोटऱ्या बारीक करण्यासाठी आतली चरबी खरवडून काढली. रक्तवाहिनीला इजा झाली, पाय काळा पडला आणि कापावा लागला. त्यानंतर कित्येक वर्षे या वाटेला जायला कोणी धजत नव्हते. १९७० च्या दशकात इटलीत फिशर बाप-लेकांनी नळीने चरबी ओढण्याची रीत काढली. १९७७ साली पॅरिसच्याच इलूझ यांनी बोथट नळी वापरून ती पुढे नेली, आणि १९८५ च्या सुमारास अमेरिकेतल्या क्लाइन नावाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी वर सांगितलेली पाणी भरण्याची पद्धत रूढ केली. म्हणजे आज ही शस्त्रक्रिया जगभर होते आणि जाणत्या हातात बऱ्यापैकी सुरक्षित आहे. अजाणत्या हातात ती दुजारिएच्या काळाइतकीच धोक्याची आहे.

धोका म्हणजे काय ते स्पष्टच सांगतो. नळी आतड्यात घुसू शकते. चरबीचे कण रक्तात शिरून फुप्फुसात अडकू शकतात. पायात रक्ताची गुठळी होऊन ती वर चढू शकते. बधिर करणाऱ्या औषधाची मात्रा जास्त झाली तर हृदयाचे ठोके बिघडतात. अंगात फार पाणी भरले गेले तर फुप्फुसात पाणी होते. २०२२ च्या मे महिन्यात बंगळुरूला चेतना राज ही कन्नड मालिकांत काम करणारी २१ वर्षांची मुलगी चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली. ती मैत्रिणींबरोबर गेली होती आणि आई-वडिलांना आधी कळवले नव्हते, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. तिथे पुरेशी साधने नव्हती असा आई-वडिलांचा आरोप होता. त्याआधी २०१५ साली तेलुगू नटी आरती अगरवाल अमेरिकेत वारली. तिनेही काही आठवड्यांपूर्वी चरबी काढून घेतली होती. पैसा आणि नाव असलेल्या माणसांची ही गत. आपल्याकडचे असे मृत्यू वर्तमानपत्रापर्यंत पोचतातच असे नाही, कारण घरचे लोक लाजेने ‘अचानक गेली’ एवढेच सांगतात.

आता ताईंच्या पोटाकडे येऊ, कारण इथेच खरी मेख आहे. सुटलेले पोट म्हणजे चरबीच असते असे नाही. बाळंतपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध एकमेकांपासून दूर सरतात आणि कधीकधी तसेच राहतात. उताणे निजून मान थोडी वर उचलली की बेंबीच्या वर मधोमध उभा उंचवटा येतो का ते पाहा. आला तर स्नायू सैल पडले असण्याची शक्यता आहे. ते चरबी ओढून जुळत नाहीत. काहींना नेमाच्या व्यायामाने फरक पडतो, काहींना पोटाची वेगळी शस्त्रक्रिया लागते. तीत सैल कातडी काढून स्नायू शिवतात, आणि या कुशीपासून त्या कुशीपर्यंत व्रण राहतो. ती आणखी मुले नको असतील तेव्हाच करतात. काही बायकांना बेंबीजवळ किंवा सिझेरियनच्या व्रणाजवळ अंतर्गळ असतो, म्हणजे आतडे स्नायूतल्या फटीतून कातडीखाली आलेले असते. अशा पोटात कोणी न तपासता नळी घातली तर काय होईल ते मी लिहायला नको. आणि चाळिशीपुढच्या बाईचे पोट चार-सहा महिन्यांत एकाएकी वाढले, भूक मंदावली, तर त्याला चरबी समजूच नका. अंडाशयाची गाठ किंवा पोटात साठलेले पाणीही असेच दिसते. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि सोनोग्राफी करून घ्या.

शिवाय चरबीसुद्धा दोन जागी असते. एक कातडीखाली, जी चिमटीत धरता येते. दुसरी आत, आतड्यांभोवती. गावातल्या पाटलांचे टणक, माठासारखे पोट बहुधा दुसऱ्या जातीचे असते. तिथे नळी पोचतच नाही. त्याला खाण्यापिण्याची शिस्त आणि चालणे हाच उपाय. ज्यांचे वजन खूप उतरले आहे त्यांची कातडी धान्य काढलेल्या पोत्यासारखी लोंबते. तिथे आणखी चरबी ओढली तर पोते अधिकच सैल पडेल.

वजन कमी करण्यासाठी, मधुमेह जावा म्हणून ही शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २००४ साली अमेरिकेत १५ लठ्ठ स्त्रियांवर अभ्यास झाला. त्यांतल्या ७ जणींना मधुमेह होता. प्रत्येकीच्या पोटावरून बरीच चरबी काढली, सरासरीने ९ ते साडेदहा किलो चरबी गेली. अडीच-तीन महिन्यांनी पुन्हा तपासले, तर साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी या कशातच म्हणण्यासारखा फरक नव्हता. लायपोसक्शनने आकार सुधारतो, रोग जात नाही. वजन बऱ्यापैकी आटोक्यात असून एखाद्याच जागी हट्टी चरबी साठलेली असते, अशांना त्याचा खरा उपयोग. म्हणून चांगल्या शस्त्रवैद्याची पहिली खूण मी ही सांगेन की तो तुम्हाला निजवून, उभे करून, पोट दाबून, खोकायला लावून तपासतो, आणि पुष्कळदा ‘तुम्हाला याची गरज नाही’ असे म्हणतो. फोनवर दर सांगणारा आणि न तपासता तारीख देणारा माणूस डॉक्टर असला तरी दुकानदार आहे.

मुलाच्या छातीविषयीही हेच. वयात येताना पुष्कळ मुलांची छाती थोडी वाढते आणि बहुतेकांची एक-दोन वर्षांत आपोआप बसते. तुमचा मुलगा १९ वर्षांचा आहे आणि ती बसलेली नाही, तेव्हा दाखवणे योग्य. पण आधी कारण शोधले पाहिजे. काही औषधांनी असे होते, यकृताच्या किंवा अंतःस्रावी ग्रंथींच्या आजाराने होते, क्वचित वृषणातल्या गाठीने होते. व्यायामशाळेत कोणी दंड फुगवण्याची इंजेक्शने किंवा अनोळखी पावडर दिली का, हे मुलाला एकट्याला घेऊन, न रागावता विचारा. कारण काही नसेल तर शस्त्रक्रियेने हे दुखणे चांगले बरे होते. मात्र स्तनाग्रामागे बऱ्याचदा चरबीबरोबर घट्ट गाठीसारखी ग्रंथी असते. ती नळीने निघत नाही, वेगळी कापून काढावी लागते. केवळ चरबी ओढून पाठवलेली मुले पुन्हा त्याच तक्रारीने दुसऱ्या दारी येतात. तेव्हा ‘ग्रंथी काढणार का?’ हा प्रश्न बापाने अवश्य विचारावा. आणि मुलाची थट्टा घरात तरी बंद करावी.

तर मग जाणता हात ओळखायचा कसा? म्हशाच्या जत्रेत बैल घेताना आपण दात मोजतो, खांदा पाहतो, चार पावले चालवून पाहतो. विकणाऱ्याच्या फेट्यावरून बैल घेत नाही. इथे मात्र काचेचे दार, थंड हवा आणि इंग्रजी बोलणारी मुलगी पाहून माणसे सही करतात.

पहिले पाहायचे ते शिक्षण. एम.बी.बी.एस. झाल्यावर ३ वर्षांची जनरल सर्जरीची एम.एस., आणि त्यानंतर ३ वर्षांची प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. ही सरळ वाट आहे. तेवढ्याच तोलाची डी.एन.बी., हल्ली जिला डीआरएनबी म्हणतात, तीही चालते. पण कंसात ‘प्लास्टिक सर्जरी’ हे शब्द हवेत. नुसते ‘कॉस्मेटिक सर्जन’, ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’, ‘सौंदर्यतज्ज्ञ’, ‘परदेशी फेलो’ अशा बिरुदांवर जाऊ नका. आठवड्याच्या शिबिराचेही प्रमाणपत्र सोनेरी चौकटीत लावता येते. प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञ जागा बधिर करून थोडी चरबी काढतात, त्यात गैर नाही. पण मोठे पोट, पूर्ण भूल, कातडी कापणे आले की प्लास्टिक सर्जनच हवा. दातांच्या डॉक्टरांनी, होमिओपॅथी वा आयुर्वेदाच्या पदवीवर, किंवा ब्यूटी पार्लरच्या मागच्या खोलीत हे करायचे काम नाही. २०२५ साली कानपूरला केस लावून घेतलेल्या दोन तरुण इंजिनिअरांच्या मृत्यूचे प्रकरण गाजले. तिथे आरोप दातांच्या डॉक्टरवर होता. आणि केस लावणे तर चरबी काढण्याहून सोपे काम.

पदवीची पाटी कोणीही रंगवतो. भिवंडीत बोगस डॉक्टरांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचत आलाच आहात. पदवीशिवाय दवाखाना थाटणे हा महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी दुकाने चालतात. म्हणून पाटीवर थांबू नका, नोंदणी क्रमांक मागा. मुंबईची महाराष्ट्र वैद्यक परिषद प्रत्येक ॲलोपॅथी डॉक्टरची नोंद ठेवते. हा क्रमांक दवाखान्यात लावणे आणि औषधाच्या चिठ्ठीवर छापणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तेव्हा तो मागताना संकोच करण्याचे कारण नाही. घरातल्या शिकलेल्या मुलाला परिषदेच्या संकेतस्थळावर मोबाईलवरून नाव घालून पाहायला सांगा. यात एक बारीक गोष्ट आहे, बहुतेकांना ती ठाऊक नसते. मूळ एम.बी.बी.एस. बरोबर पुढच्या पदव्याही परिषदेकडे वेगळ्या नोंदवाव्या लागतात. नोंदीत एम.बी.बी.एस. दिसते आणि एम.सीएच. दिसत नाही, तर सरळ विचारा : ‘साहेब, ही पदवी नोंदवली आहे का?’ खऱ्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

आपल्या महाराष्ट्राला या शास्त्रात परके वाटायचे कारण नाही, हे जाता जाता सांगतो. १७९२ च्या टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर असलेला एक मराठा गाडीवान टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाव इंग्रजी कागदांत कावसजी असे आले आहे आणि जात शेतकऱ्याची म्हणून लिहिली आहे. टिपूने त्याचे नाक आणि एक हात तोडला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने मेणाच्या पातळ पत्र्याचे माप घेऊन, कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर ते पाहत होते. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या मासिकात ही हकीकत चित्रासह छापली गेली आणि तिथल्या शस्त्रवैद्यांनी त्यावरून धडे घेतले. पुढे १९५८ साली नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांच्या हाताखाली प्लास्टिक सर्जरीचा देशातला पहिला स्वतंत्र विभाग निघाला. भाजलेल्यांचे आखडलेले हात, फाटलेले ओठ, यंत्रात सापडलेली बोटे सुधारणारे हेच लोक. चरबी काढणे हा त्यांच्या कामाचा लहानसा भाग आहे.

म्हणूनच माझा सल्ला असा की पहिला सल्ला सरकारी किंवा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात घ्यावा. मुंबईत के.ई.एम., सायन, नायर आणि जे.जे. या चारही रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. भिवंडीहून ठाणे गाठावे. तिथून लोकलने शीवला उतरले की सायनचे रुग्णालय, परळला उतरले की के.ई.एम. जवळ पडते. बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते, दिवस मोडतो. हौसेच्या शस्त्रक्रियेला तिथे लवकर नंबर लागेल असेही नाही. पण तुमच्या पोटात चरबी आहे, अंतर्गळ आहे की सैल स्नायू, हे तिथले डॉक्टर पदरचा काही स्वार्थ न ठेवता सांगतील. तो कागद हाती असला की खाजगी दवाखान्यात तुम्हाला कोणी सहज फिरवू शकत नाही.

दुसरे पाहायचे ते ठिकाण. शस्त्रक्रिया शुश्रूषागृह म्हणून नोंदलेल्या रुग्णालयात व्हावी. नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर असते, ते वाचा. २०२१ पासून रुग्णांच्या हक्कांची सनदही तिथे लावणे नियमाने आवश्यक आहे. भूल कोण देणार? शस्त्रवैद्याने स्वतःच भूल द्यायची आणि स्वतःच नळी चालवायची, हे मोठ्या शस्त्रक्रियेत चालणार नाही. भूलतज्ज्ञ वेगळा हवा, त्याचे नाव आधी कळायला हवे. रात्री तीन वाजता श्वास लागला तर इमारतीत कोण डॉक्टर असेल, अतिदक्षता विभाग इथेच आहे की दुसरीकडे, दुसरीकडे असेल तर किती दूर? भिवंडीच्या नाक्यांवर मालट्रकांची कोंडी कशी असते ते तुम्हाला मी सांगायला नको. एका वेळी किती चरबी काढणार हेही विचारा. एकूण ५ लिटरच्या वर ओढायचे असेल तर ते मोठे ऑपरेशन समजतात आणि रात्रभर रुग्णालयात देखरेखीखाली राहावे लागते. पाच लिटरचा तेलाचा डबा डोळ्यांसमोर आणा. ‘दहा लिटर काढून संध्याकाळी घरी’ म्हणणाऱ्याला तिथूनच रामराम करावा.

फोटोंवर भाळू नका. आधीचे आणि नंतरचे फोटो त्याच डॉक्टरने केलेल्या माणसांचे आहेत का, शस्त्रक्रियेला सहा महिने झाल्यानंतरचे आहेत का, ते विचारा. सूज उतरून खरा आकार यायला तीन ते सहा महिने लागतात. पोट आत ओढून, दिव्याची दिशा बदलून काढलेले फोटो कोणालाही जमतात. मुळात डॉक्टरांनी गिऱ्हाईक ओढण्यासाठी जाहिरात करू नये असा २००२ चा नियम आहे. रंगीत पत्रक वाटणाऱ्याने तुमच्या दारात येण्याआधीच तो मोडलेला असतो. ‘चरबी वितळवणारी’ इंजेक्शने टोचणारेही आहेत. अमेरिकेच्या औषध खात्याने २०२३ साली अशा मान्यता नसलेल्या इंजेक्शनांपासून लोकांना सावध केले होते. गाठी, जखमा, कातडी सडणे अशा तक्रारी तिथे आल्या होत्या.

पैशाचे थोडक्यात. शस्त्रवैद्य, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, औषधे, घट्ट पट्टा, आणि काही बिघडून पुन्हा करावे लागले तर त्याचा खर्च, हे सारे लेखी मागा. विमा कंपन्या हौसेच्या शस्त्रक्रियेचे पैसे देत नाहीत. भाजणे, अपघात, कर्करोग यांनंतरची दुरुस्ती वेगळी धरतात. हप्त्याच्या कर्जावर किंवा डाग गहाण टाकून हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे काम दोन वर्षे थांबले तरी बिघडत नाही.

ताईंना वैशाखातल्या हळदीआधी उरकायचे आहे. मला ते पटत नाही. शस्त्रक्रियेनंतर चार-सहा आठवडे अंगाला घट्ट पट्टा किंवा कपडा घालावा लागतो. चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात तो नकोसा होतो. काळेनिळे डाग, सूज, ठणका असताना हळदीत नाचणे तर दूरच, पंगतीत वाढणेही होणार नाही. हंडा, भारा, पाटी उचलणे काही आठवडे बंद. तेव्हा करायचेच ठरले तर भात घरात आल्यावर, थंडीत करावे. बाळंतपणानंतर निदान सहा महिने ते वर्ष जाऊ द्यावे, अंगावर पिणारे बाळ असेल तर थांबावे. आणखी एक, जे डॉक्टरांपासून बायका हटकून लपवतात : मिश्री. मिश्री, तंबाखू, तपकीर, विडी, सगळ्यांतला मुद्देमाल एकच. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही, कातडी काळी पडून सुटते. शस्त्रक्रियेच्या आधी निदान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे मिश्री पूर्ण बंद हवी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, डोकेदुखीच्या गोळ्या, वैदूची चूर्णे, जे काही घेत असाल ते डॉक्टरांना दाखवा.

आणि हे काम चोरून करू नका. नवऱ्याला, आईला, निदान एका जाणत्या माणसाला पूर्ण माहिती असू द्या, त्याला बरोबर न्या. सासरच्या टोमण्यांनी किंवा मुलाकडच्यांच्या अटीने मुलीला टेबलावर चढवणारे आई-बाप असतील तर त्यांनी थोडे थांबावे. देह मुलीचा आहे, तिलाच एकटीला विचारा. घरी आल्यावर धाप लागली, छातीत दुखले, बरळणे सुरू झाले, एका पायाची पोटरी सुजली, ताप चढला, लघवी कमी झाली, पोटात वाढती कळ आली किंवा कातडी काळी पडू लागली, तर ‘सकाळी पाहू’ म्हणू नका. १०८ ला फोन करा आणि मोठ्या रुग्णालयात जा. दवाखान्याने ‘असे होतेच’ म्हटले तरी जा.

कागदांचे राहिले. संमतीपत्र न वाचता सही करू नका, मराठीत समजावून मागा. कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या भागाची, कोण करणार, धोके काय, हे त्यात हवे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका खटल्यात सांगितले आहे की एका शस्त्रक्रियेला दिलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला चालत नाही. पक्की पावती घ्या. रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत उपचाराची कागदपत्रे द्यावीत असा नियम आहे. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. वागणुकीची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते. पैसे देऊन घेतलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवले आहे. भिवंडीकरांना ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मुदत २ वर्षांची. दवाखान्याला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही.